शेवटच्या नंबरचा दात

"आधी दांडा धुवा गं. रगत लागलंय त्याला."

माझ्या तोंडातून रक्ताची धार लागली होती आणि वैनी हे बोलल्या. दांडा म्हणजे हापशाचा. अख्खं गाव त्यांना वैनी म्हणायचं. मीही म्हणते, अहोजाहोही करते. मान आहे म्हणून नाही. जिभेला लहानपणीच वळण लावलंय तसं.

मी तेव्हा पाचवीत. आमचं गाव वडगाव निंबाळकरच्या अलीकडं. उन्हाळ्यात आमच्या बौद्धवाड्यातला हापसा नुसता वारा ओकायचा. मग आई म्हणायची, वरच्या आळीला जा, कुणी नसताना कळशी भरून आण. वरच्या आळीचा रिवाज असा, की आमच्यातल्या कुणी पाणी घेतलं तर त्या बायका दांडा राखेनं घासून धुवायच्या आणि मगच आपली भांडी लावायच्या. गुरुजी आमच्याकडून समतेवर निबंध लिहून घ्यायचे. त्यांची बायकोही धुवायची.

मी अंगानं किडकिडीत. दांडा खाली आणायला त्याला अख्खी लोंबकळायची. तशीच लोंबकळत होते, तर वैनी मागून आल्या. "सोड! आत्ता धुतलाय तो!" असं ओरडून त्यांनी रिकाम्या कळशीचा काठ माझ्या मनगटावर हाणला. हात सुटले. दांडा उसळला तो थेट तोंडावर. वरचे पुढचे दोन दात. एक निम्मा तुटला, एक पार हिरडीशी.

दादा, म्हणजे माझे वडील, भवानीनगरच्या कारखान्यावर कामाला. पाळी संपवून आले आणि तसेच वैनींच्या सासऱ्यांकडं, तात्यांकडं गेले. मोठे बागायतदार. तात्या ओट्यावरनंच बोलले, "पोरगी धडपडली आसंल. हापशाला लोंबकाळत्यात व्हय?"

झालं. गावानं तेच धरलं. शाळेत, सरकारी दवाखान्यात, सगळीकडं मी धडपडलेलीच.

तेव्हापासून माझा हात तोंडावर जायला लागला. बोलताना हात, हसताना हात. हसणं तर मी जवळजवळ टाकूनच दिलं. पोरी "बोळकी" म्हणून चिडवायच्या, म्हणून मी आधीच झाकून घ्यायची. मोठी झाले, ओढणी आली, मग ओढणीचा पदर तोंडावर. आणि गंमत बघा, गावाला ते आवडलं! वरच्या आळीच्या बायका कौतुक करायला लागल्या. वैनी तर चारचौघीत सांगायच्या, "शिकाय लागली तरी मर्यादा सोडली न्हाय पोरीनं. तोंडावरचा हात काढत न्हाय."

ज्यांनी दात पाडले त्याच माझ्या मर्यादेचं कौतुक करत होत्या. माझ्या आत भडका उडायचा. पण हात वरच असायचा, बोलणार कशी?

दादांनी हे बरीच वर्षं बघितलं. एकदा जेवताना म्हणाले, "आमचा बा तात्याच्या बापाम्होरं आसाच उभा ऱ्हायचा. तोंडावर हात धरून. थुकी उडंल म्हणून." मग भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "त्याचं दात समदं शाबूत व्हतं."

मी त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले. दादांचा राग आला होता. खरं बोलले म्हणूनच आला होता.

डी.एड. झाले. इंदापुरातल्या एका शाळेत मुलाखतीला गेले. कागद चांगले, मार्क चांगले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हात काढा की तोंडावरचा." काढला. ते शेजारच्याकडं बघून हसले. "पोरं हसतील वर्गात. दात बसवून या. मग पाठ घ्या, बघू." पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

मला मास्तरीण व्हायचं होतं. आणि त्यासाठी मला तोंड पाहिजे होतं, उघडता येणारं. एवढीच माझी गरज. दादा म्हणाले, "पैशाचं मी बघतो, तू बारामतीला जा."

बारामतीत स्टँडच्या मागं एक दवाखाना होता. खाली एस.टी.डी. बूथ, वर दातांचे डॉक्टर. खुर्चीवर बसले की माझ्या पाठीला घाम सुटायचा. पण डॉक्टर सुरुवातीला बरे वाटले. रूट कॅनाल केलं. "दुखलं तर हात वर करा ताई," म्हणायचे. ताई म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मुळं भरून झाली. आता खुंटांवर कॅप बसवायच्या होत्या. त्यासाठी माप घ्यायचं आणि दातांचा रंग ठरवायचा. मग ते पुण्याला जाणार आणि तिथून दात तयार होऊन येणार.

त्या दिवशी जिना चढून गेले तर आत खुर्चीवर वैनी.

त्यांचाही पुढचा एक दात किडला होता, त्याला कॅप. दार उघडंच होतं, बाकड्यावरून सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी त्यांना खिडकीजवळ नेलं. उजेडात बसवलं. हातात आरसा दिला. एका पट्टीवर ओळीनं दात लावलेले होते, रंगाच्या दुकानात नमुने असतात तसे. पांढरट, पिवळसर, मग तांबूस, मग मळकट. त्यातला एकेक दात वैनींच्या दाताला लावून डॉक्टर विचारायचे, "हा बघा. का हा? नीट बघा, घाई नाही." वैनींचे दात मशेरीनं कडेकडेनं काळे पडलेले. तरी शेवटी त्यांनी पांढऱ्यातला एक निवडला. डॉक्टर म्हणाले, "शोभेल तुम्हाला."

माझी पाळी आली. मी उठले, वैनी बाहेर येता येता थांबल्या.

"ओळखीच्या का?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"आमच्याच गावची की. खालच्या वस्तीतली. पर लई मर्यादेची पोरगी हाय हो."

बस्स, तेवढंच. डॉक्टरांचं तोंड बदललेलं मी बघितलं. हातमोजे काढले होते ते पुन्हा घातले.

"बस," मला म्हणाले.

ताई गेली. तुम्ही गेलं. मी खुर्चीत बसले. माप घेतलं. तोंडात ते गार गिळगिळीत मिश्रण, डोळ्यांत पाणी, ओकारी येते की काय असं वाटत होतं. साचा काढला आणि डॉक्टर पाठमोरे होऊन हात धुवायला लागले. तिथनंच मदतनीस बाईला म्हणाले, "हिला शेवटचा नंबर लिही."

शेवटचा नंबर म्हणजे पट्टीच्या टोकाचा. मळकट, तपकिरी. मी माझे दात मिठानं घासते. बाकीचे सगळे पांढरे आहेत.

मी म्हणाले, "डॉक्टर, माझ्या दाताला लावून तर बघा."

"गरज नाही. मशेरी लावत असशीलच. वर्षात काळे पडणार, मग पांढरे कशाला?"

"मी मशेरी लावत नाही."

"सगळे असंच सांगतात."

दारात वैनी उभ्याच होत्या. त्या मायेनं बोलल्या. हो, मायेनंच. त्याचाच जास्त चटका बसला. "अगं, दात मिळतोय न्हवं? गप बस की. मर्यादेनं ऱ्हावं."

माझा हात आपोआप तोंडावर गेला. तेवढ्या एका हालचालीत किती वर्षांची सवय असते, ते तेव्हा कळलं. त्या हाताला लाळ आणि ते चिकट मिश्रण लागलं. आणि मला आजोबा दिसले. मी त्यांना कधी बघितलेलं नाही, तरी दिसले. तोंडावर हात, आतमध्ये शाबूत दात.

मी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. म्हणाले, "वैनी, माझे दात कशानं तुटले ते डॉक्टरांना सांगा."

"धडपडलीस की तू हापशाला."

"मनगटावर कळशी कुणी मारली?"

वैनींनी पदर सावरला. मदतनीस बाईचा पेन थांबला. माझा हात मांडीवरच होता. तोंड उघडं होतं. मी म्हणाले, "आणि पहिल्यांदा काय बोललात? दांडा धुवा. पोरीचं तोंड धुवा, असं नाही म्हणालात."

"काय बाई तरी! लई माज आलाय हिला," वैनी डॉक्टरांना म्हणाल्या. मर्यादेची पोरगी एका मिनिटात माजोरी झाली.

डॉक्टर वैतागले. "इथं गावची भांडणं नकोत. हा नंबर चालत असेल तर थांब, नाहीतर दुसरीकडं जा."

"खिडकीत न्या मला. आरसा द्या. रंग लावून बघा. वैनींना केलंत तेवढंच करा."

"तुला काय कळतं रंगाच्या शेडमधलं?"

"डोळे आहेत मला."

ते हसले. मी गळ्यातला कागदी रुमाल सोडला, खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरले. तोंडात दोन खुंट. स्टँडवर लोक बघत होते. मी रडत होते, पण ओढणीनं फक्त डोळे पुसले.

घरी दादांनी विचारलं, "दात?"

"नाही बसवले." सगळं सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाठाला जाणार का?"

"जाणार."

गेले. इंदापुरात त्या वर्गात उभी राहिले. तोंड उघडलं आणि पोरं फिसकन हसली. मी म्हणाले, "हसून घ्या. मग वह्या काढा." पाठ शेवटपर्यंत घेतला, फळ्याकडं वळून तोंड न लपवता. त्या शाळेनं मला घेतलं नाही. अध्यक्ष म्हणाले, सांगितलं होतं तुम्हाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेनं घेतलं. असल्याच तोंडानं शिकवते.

दात मी बसवणार आहे. मला हौस आहे, का नसावी? पण खिडकीच्या उजेडात बसून. आरसा माझ्या हातात. रंग माझ्या शेजारच्या दाताला लावून, मी हो म्हणेन तो. असा डॉक्टर मिळेपर्यंत हे खुंट असेच दिसतील, गावात, वर्गात, वैनींच्या दारावरून जाताना. ज्याला बघवत नसेल त्यानं आपल्या डोळ्यांवर हात धरावा. माझा हात आता तोंडावर जायचा नाही.