मी सरांना ओळखलं नाही

बारावीला मार्क बरे होते, पण जिथं जायचं होतं तिथं माझा नंबर लागला नाही. अकोल्यातल्या एका मेडिकल कॉलेजात दोन वर्षांचा एक डिप्लोमा होता आणि त्यात जागा रिकाम्या होत्या. एम्बामिंगचा, म्हणजे मृतदेह टिकवण्याचा. देहदानात आलेले देह विद्यार्थ्यांसाठी जतन करायचे, कुणाला लांबच्या गावी न्यायचं असेल तर प्रवासापुरतं टिकवून द्यायचं, घरच्यांच्या हवाली करताना चेहरा नीट करून द्यायचा. मी अर्ज भरला आणि घरी सांगितलं, लॅब टेक्निशियनचा कोर्स आहे.

आमचं घर अचलपूरच्या बाहेर, मळ्यातच. झेंडू, शेवंती आणि थोडी वांगी. बाबा पहाटे फुलं घेऊन परतवाड्याच्या बाजारात जात. त्यांची फुलं लग्नाला जात तशी तिरडीवरही जात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण आपली पोरगी दिवसभर प्रेतांना हात लावते, हे आईला सोसलं नसतं. खरं म्हणजे मलाच सोसत नव्हतं. सुट्टीत घरी यायच्या आधी मी होस्टेलवर दोनदा केस धुवायचे. फॉर्मेलिनचा वास केसांतून जात नाही असं मला वाटायचं.

शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "आत तुम्ही काय करता ते कुणी पाहत नाही. पण दारात देह कसा ताब्यात घेतला, ते घरची माणसं जन्मभर विसरत नाहीत. ती काही सांगत असतील तर ऐकून घ्या. कितीही वेडगळ वाटलं तरी ऐका." मी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेतही लिहिलं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, एका सकाळी, अचलपूरहून देहदानाचा देह येतोय असा निरोप आला. नाव कागदावर होतं. ते माझे गणिताचे सर होते.

दहावीनंतर बाबा माझं शिक्षण थांबवणार होते. तेव्हा हे सर स्वतः मळ्यात आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "पोरीले सायन्सले टाका. डोकं आहे तिले." मग दोन वर्षं त्यांनी मला त्यांच्या ओसरीवर शिकवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू फोडणीचे मुरमुरे आणून ठेवायच्या आणि दाराशी बसून आमची गणितं ऐकायच्या. मी अकोल्याला गेले त्या वर्षी सरांना लकवा झाला. मी एकदाही भेटायला गेले नाही. त्यांनी विचारलं असतं, काय शिकून राहिली? सरांना खोटं सांगणं मला जमलं नसतं.

गाडी आली. काकू मागे बसून आल्या होत्या, हात स्ट्रेचरच्या कडेवर. त्यांच्याबरोबर शेजारधर्म म्हणून आमच्या मळ्याजवळचे एक गृहस्थ आले होते. दर्यापूरच्या एका घरातलं स्थळ माझ्यासाठी त्यांनीच आणलं होतं आणि बोलणी बरीच पुढं गेली होती.

माझ्या डोक्यावर टोपी होती, तोंडाला मास्क. मी खाली मान घालून स्ट्रेचर धरलं. बरोबरच्या मामांना, म्हणजे आमच्या विभागातल्या जुन्या मदतनीसांना, म्हणाले, "पायरी आहे, सांभाळा." तेवढंच.

काकूंनी मान वर केली. माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तू फुलवाल्याची पोरगी होय ना व?"

शेजारच्या गृहस्थांनीही वळून पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "मी इथलीच आहे, अकोल्याची." अगदी पुस्तकी भाषेत, जणू वऱ्हाडी मला येतच नाही.

"तिचेबी असेच डोये आहेत," काकू हळूच म्हणाल्या. त्यांना आणखी काही बोलायचं होतं. ओठ उघडले, मिटले. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. न्या तुमी." एवढ्या वेळात मी 'तू'ची 'तुम्ही' झाले होते. त्यांनी स्ट्रेचरवरचा हात काढून घेतला.

आत मॅडम म्हणाल्या, "तुझ्याच गावचे आहेत. ओळखीचे असतील तर तू बाहेर थांब, लाज वाटायचं काही कारण नाही."

"नाही मॅडम, ओळखीचे नाहीत."

पाच मिनिटांत दोनदा.

सरांचा डावा हात छातीशी मुडपून आखडला होता. असा हात चोळत चोळत, वेळ घेऊन सरळ करायचा असतो. मला ते येत होतं. पण दाराच्या काचेतून ते गृहस्थ व्हरांड्यात फिरताना दिसत होते, आणि ते आत डोकावायच्या आधी मला काम उरकायचं होतं. मी हात धरून ओढला. खांद्यातून आवाज आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हळू, बाई," एवढंच म्हणाले.

पुढचं सगळं मी नीट केलं. मांडीतली धमनी शोधली, द्रावण सावकाश जाऊ दिलं, दुपारपर्यंत तिथून हलले नाही. सरांची दाढी केली, केस विंचरले. मॅडम म्हणाल्या, चांगलं काम. ते शब्द ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा काकूंकडे गेले. किती दिवस ठरवत होते. त्या ओसरीवरच बसल्या होत्या.

"ये. मले माहीत होतं तू येशीन."

"काकू, त्या दिवशी मी..."

"वयखलं होतं मी. तोंड झाकलं म्हणून आवाज थोडीच बदलते."

"मग बोलल्या कावून नाही?" माझी भाषा आपोआप परत आली होती.

"तुले नाई म्हणाचं होतं. मी चारचौघात तुयी लाज कायले काढू?" "मले एकच सांगाचं होतं. लकव्यानंतर त्यायचा डावा खांदा लय दुखे. सदरा घालतानी तोच हात पयले बाहीत घाला लागे, हळूहळू. तो खांदा जपून धरजा, एवढंच. परक्या माणसाले सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हातारी येडी झाली, मेल्यावर काय दुखते. तुले सांगितलं असतं."

मी खाली पाहत होते.

"जपून धरला होता काय व?"

"हो काकू," मी म्हणाले. "जपूनच धरला होता."

त्यांनी डोळे पुसले. "तेच येत होतं इतके दिवस मनात," म्हणत चहा ठेवायला आत गेल्या.

दारातलं खोटं मी माझ्यासाठी बोलले होते, ते स्पष्ट आहे. हे ओसरीवरचं खोटं त्यांच्यासाठी होतं असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा मला पाहावा लागला असता, आणि ते टाळण्यातही माझा फायदाच होता. अजून मला त्याचा निवाडा करता आलेला नाही.

त्याच संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं, म्हणजे कोर्स कशाचा आहे ते. आई शेवंती निवडत होती. तिचे हात थांबले. बाबांनी विचारलं, "सरचं तुनंच केलं?"

"हो."

"मंग त्यायले घरचं माणूस होतं जवळ." ते उठून मोटर बंद करायला गेले.

त्यांच्या आवाजात समाधान होतं. दारातली गोष्ट मी सांगितली नव्हती, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. आईनं एवढंच विचारलं, "दर्यापूरवाल्यायले आता काय सांगाचं?" मी म्हणाले, खरं सांगा. सांगितलं. त्यांचा नकार आला, त्याच गृहस्थांमार्फत. आई महिनाभर माझ्याशी तुटक बोलली, मग बोलायला लागली.

आता मी अमरावतीत हेच काम करते. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्या घरून बोलावणी येतात. दाराशी मी मास्क काढून उभी राहते आणि घरची माणसं बोलायची थांबेपर्यंत हलत नाही. मागं एका मुलीनं सांगितलं, बाबांना चष्म्याशिवाय झोपवू नका. नाही झोपवलं.

पण मी फार सुधारले असं कुणी समजू नये. मागच्या महिन्यात परतवाड्याच्या बसमध्ये शेजारी शेंदूरजनाघाटची एक बाई बसली होती, बहिणीकडे निघालेली. काय करतेस, तिनं विचारलं. "दवाखान्यात आहे," मी म्हणाले. "नर्स काय?" मी मान डोलावली. तिनं पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातात दिली. तिच्या पोरीलाही नर्स व्हायचंय म्हणाली, आणि अचलपूर येईपर्यंत मी तिला अर्ज कुठं करायचा ते समजावून सांगत राहिले.