इब्राहिमभाईंचं मऊ पाणी

इब्राहिमभाईंचे चार मासे मी मारले होते.

आज दुपारी त्यांना माती देऊन आलो आणि त्यांच्याच घरात, त्यांच्या टाकीसमोर बसून हे लिहितोय.

दिल्लीच्या द्वारकेत आमचे दरवाजे समोरासमोर. ते रत्नागिरीकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. मी लातूरकडच्या कोरड्या गावचा. सोसायटीच्या गणपतीची पूजा मी सांगतो, म्हणून ते मला गुरुजी म्हणायचे.

"आम्ही कोकणातले लोक मासा ताटात ओळखतो, गुरुजी. जिवंत बघायला दिल्लीला यावं लागलं."

भाभी गेल्यावर त्यांनी ही टाकी आणली. तीन फुटांची. पण दीड महिना तिच्यात एकही मासा नव्हता.

नुसतं पाणी. एक लाकडाचा ओंडका. पार्कातून वेचून आणलेली देशी बदामाची वाळकी पानं. पाणी हळूहळू कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं.

"मासे कधी आणणार?"

"आधी पाणी ठरतं. मग मासे."

आमच्या नळाचं पाणी जड. तोटीला पांढरा थर धरतो. त्यांना मऊ पाण्यातले मासे पाळायचे होते, म्हणून ते आरओचं पाणी बादल्यांत साठवायचे आणि त्यात थोडंसं नळाचं मिसळायचे.

मला ते लगेच कळलं. गावी आमच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजायची नाही. आई डाळीपुरतं पाणी नदीवरून आणायची.

मग एका रविवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सब ले जाओ अंकल, सब साथ रह लेंगे."

"रह तो लेंगे, भाई. खुश रहेंगे क्या?"

मला एक सोनेरी मॉली फार आवडली.

"तिला जड पाणी लागतं. आपल्याकडे आजारी पडेल बिचारी."

मग दुकानदाराने एंजल दाखवला. छोटासा, पतंगासारखा.

"आज गरीब दिसतोय. मोठा झाला की निऑनसारखे छोटे मासे गिळेल. मासा घेताना रंग बघू नये, गुरुजी. त्याचं तोंड केवढं होणार ते बघावं."

शेवटी मधल्या पाण्यात घोळक्याने फिरणारे आठ निऑन टेट्रा घेतले. तळाशी वाळू हुंगत हिंडणारे सहा कोरी. आणि वरच्या अंगाला दोन मधाच्या रंगाचे गोरामी.

कोणी कोणाच्या वाटेत नाही.

संध्याकाळी ते आत मगरिबची नमाज पढायचे आणि मी इथे बसायचो. त्या चहासारख्या पाण्यातून आठ निळ्या रेघा एकदम वळायच्या. कोण आधी वळतं, ते कधीच दिसलं नाही.

कधी कधी वाटायचं, मीच पाण्याच्या आत बसलोय आणि ते बाहेरून माझ्याकडे बघतायत.

ते बाहेर आले की मी उठायचो. घरी दिवा लावायची वेळ झालेली असायची.

मागच्या वर्षी त्यांचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. जाताना किल्ली माझ्या हातात दिली.

"मासे सांभाळ. आणि स्वतःच्या डोक्याने काही करू नकोस."

मी केलंच.

ऑपरेशनच्या सकाळी देव्हाऱ्यातला आईचा शंख काढला. स्वच्छ धुतला. हात जोडून टाकीत, ओंडक्यामागे ठेवला. देवाकडे काय मागितलं, ते सांगायला नको.

ऑपरेशन नीट झालं. पण त्यांना ताप आला, मुक्काम वाढला.

आणि इथे निऑन फिके पडू लागले.

एक गेला. दोन दिवसांनी दुसरा. मग तिसरा, चौथा.

मी हादरलो. ती भीती माशांसाठी नव्हती. शंख ठेवूनही हे होतंय, म्हणजे वरून नकार आलाय असं मी धरून चाललो.

फोनवर मात्र सांगत राहिलो, "मासे एकदम मजेत."

एक दिवस ते म्हणाले, "गुरुजी, तू देवाचा माणूस. तुला खोटं नीट जमत नाही. किती गेले?"

"चार." आणि मला रडू फुटलं.

"रडू नकोस. कपाटात पाण्याचा जडपणा तपासायच्या औषधाची बाटली आहे. टाकीतलं पाणी नळीत घे आणि त्यात औषधाचे थेंब मोजून टाक. किती थेंबांनी रंग बदलतो ते सांग."

एरवी चार थेंबांत बदलायचा. अकरा लागले.

"पाण्यात काय टाकलंस?"

"...शंख."

फोनवर हसू. इतकं, की मागून नर्सचा आवाज आला, "अंकल, टाँके खुल जाएँगे!"

"अरे बाबा, शंख म्हणजे चुना! मऊ पाण्यात विरघळतो तो. तू तर तुमच्या विहिरीचं पाणी केलंस माझ्या टाकीत!"

"मला वाटलं, अपशकुन."

"अपशकुन कसला? तू दुआ केलीस, ती वर गेली. चुना खाली राहिला. आता तो बाहेर काढ. आणि पाणी थोडं थोडं बदल, एकदम नको."

मग म्हणाले, "चारच उरलेत ना? घाबरून कोपऱ्यात बसतील. अजून चार आण. या वेळी तू निवड."

एकटा गेलो. दुकानदाराने पुन्हा एंजल पुढे केला. मी त्याचं तोंड बघितलं आणि चार निऑन घेऊन आलो. पिशवी टाकीत तरंगत ठेवली. तासभर तिच्यात वाटी वाटी टाकीचं पाणी घातलं, ते घालायचे तसं.

इब्राहिमभाई घरी आले, बूट न काढता इथे बसले आणि मोजू लागले.

"आठ," म्हणाले. बस, एवढंच.

त्यानंतर वर्षभर रोज संध्याकाळी आम्ही दोघं इथे होतो. परवापर्यंत.

मघाशी त्यांची मुलगी सलमा म्हणाली, "काका, टाकी तुमच्याकडे द्यायची, अब्बा सांगून गेलेत. म्हणाले, गुरुजींना दे, शंख सोडून."

आम्ही दोघंही हसलो. मग रडलो.

तो शंख आता देव्हाऱ्यात आहे. पाण्याने खाल्लेल्या बाजूवर बोट फिरवलं की खरखर लागते. रोज लागते.

समोर आठ निऑन फिरतायत. जुने कोणते, नवे कोणते, मला ओळखता येत नाही.

इब्राहिमभाई, आत्ताच थेंब मोजले. चार.

पाणी मऊ आहे. तुम्ही निवांत झोपा.