पावलावर दोन बोटं

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये रोज दोन गोष्टी साठतात, जुन्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या पिवळ्या पिशवीत टाकल्या की दुपारी गाडी येऊन घेऊन जाते. किस्से कोणी नेत नाही. मी कमी बोलतो, म्हणून माझ्याकडे ते जरा जास्तच राहतात. ज्याला काही सांगायचं असतं तो माझ्यासमोर पाय पसरून बसलेलाच असतो!

हैदराबादच्या एका हॉस्पिटलात, व्हॅस्क्युलर सर्जरीच्या विभागात मी ड्रेसर आहे. रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करणारा हा विभाग. आमच्याकडे लोक येतात ते बहुतेक पाय घेऊन. रक्त पोचत नाही, जखम भरत नाही, बोट काळं पडतं. मी नववीत शाळा सोडली होती, जे काही येतं ते इथंच शिकलो. मागच्या वर्षी माझ्या बाबांचा डावा पाय ह्याच विभागात आला. तो राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. तेव्हापासून हे किस्से मला पूर्वीसारखे हसून सांगता येत नाहीत. तरी सांगतो.

*

डॉक्टर समीर पुण्याहून शिकायला आले. सर्जन तर ते आधीच होते, पण रक्तवाहिन्यांचं काम वेगळं, त्यासाठी आणखी तीन वर्षं. पहिल्याच दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, त्यांना एका पेशंटच्या पावलावर दोन बोटं ठेवायला सांगितली. पावलावर नाडी असते. ती लागली म्हणजे रक्त तिथपर्यंत पोचतंय.

मोठे सर घरी तेलुगू बोलतात, पण हॉस्पिटलात बोलणं अस्सल हैदराबादी. "लगी?"

"हाँ सर. अच्छी है."

"अब टेबल पे रखो. ज़ोर से दबाओ. आँखाँ बंद."

समीर सरांनी टेबलाची कड दाबली. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा पडला.

"लगी?"

"…लगी, सर."

"तो टेबल को भी डिस्चार्ज दे देव, मियाँ!"

जोरात दाबलं की स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात. त्या पेशंटच्या पावलात नाडी नव्हतीच. आम्ही सगळे हसलो. पेशंटही हसला. पुढच्या आठवड्यात त्याची पायाची दोन बोटं काढावी लागली, तेव्हा मला ते हसणं आठवलं.

*

मग समीर सरांनी हात बसवायला सुरुवात केली. दिसेल त्याला गाठ! ड्रॉवरची मूठ, खुर्चीचा हात, पंख्याची दोरी. एकदा जेवायला बसलो तर माझ्या डब्याच्या पिशवीला अकरा गाठी.

"सर, उघडा ना."

"मिलिंद, ती उघडली तर माझं शिक्षण वाया गेलं म्हणायचं. कात्री घे!"

टाके घालायला ते गौलीगुड्याहून कोंबडीच्या तंगड्या आणायचे. तंगडीत बारीक रक्तवाहिनी असते, ती कापायची आणि केसाहून बारीक निळ्या धाग्यानं परत जोडायची. उरलेलं मटेरियल मरियम्मा सिस्टर घरी न्यायच्या. टाकून द्यायला त्यांचा जीव व्हायचा नाही. एका रविवारी त्यांनी जावयाला जेवायला बोलावलं. जावयानं दातातून निळा धागा ओढून काढला आणि विचारलं, हे काय?

सिस्टर म्हणाल्या, "बाबू, मुकाट्यानं खा. पुण्याच्या डॉक्टरनं बायपास केलेली कोंबडी आहे!"

*

आमच्या ओपीडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती चाललं की पोटरी दुखून थांबावं लागतं? समीर सर मीटरमध्ये विचारायचे. मीटरमध्ये कोण सांगणार! "घर से पीर साब की दरगा तक एक दम में जातूं. वहाँ रुकतूं. फिर चाय की हॉटेल." मग सर माझ्याकडे बघायचे, कारण गल्ल्या मला माहीत. मी अंदाजानं सांगायचो, ते केसपेपरवर लिहायचे.

लोक थांबल्याचं लपवतातही. कुणी चपलांच्या दुकानात बघत उभा राहतो, कुणी फोन कानाला लावतो. बरकतपुऱ्याचे एक मास्तर दर विजेच्या खांबाशी थांबून त्यावरच्या जाहिराती वाचायचे. "शहरातले सगळे टू-लेट बोर्ड पाठ झाले," म्हणाले. समीर सरांनी लगेच त्यांना आपल्यासाठी खोली विचारली. आणि मिळाली!

त्याच दिवसांत आमचे बाबा नल्लकुंट्यात संध्याकाळी फिरायला जायचे. फुलवालीशी थांबून बोलायचे. सायकलवाल्याशी थांबून बोलायचे. जन्मात कुणाशी बोलले नव्हते, सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून तीस वर्षं मान खाली घालून काढली. मी आईला म्हणालो, "रिटायर झाल्यापासून बाबा लई गप्पिष्ट झालेत!"

सहा वर्षं ड्रेसिंग रूममध्ये काढलेला माणूस मी.

*

नख काढताना बाबांच्या डाव्या अंगठ्याला लागलं. "सायबांना कशाला त्रास? तू हायस की," म्हणाले. मी घरी ड्रेसिंग सुरू केलं. रोज धुवायचो, रोज नवी पट्टी. इतकं नीट ड्रेसिंग मी हॉस्पिटलातही कुणाचं केलं नसेल. आई शेजारणीला बोलावून दाखवायची.

जखम भरत नव्हती. एक आठवडा, दोन, तीन. पाऊल गार लागत होतं, मी म्हटलं फरशी गार आहे. मला फक्त दोन बोटं ठेवायची होती, जिथं रोज डॉक्टर ठेवताना बघतो तिथंच. ठेवली असती तर कळलं असतं. म्हणूनच ठेवली नसावीत.

अंगठा काळा पडला तेव्हा रिक्षात घालून आणलं. मोठ्या सरांनी पट्टी सोडली.

"ड्रेसिंग किसने किया?"

"मैंने, सर."

सरांनी पावलावर दोन बोटं ठेवली आणि उचलली. "बहोत अच्छा किया, मिलिंद. ऊपर ऊपर से."

ते मला एवढंच बोलले, त्या दिवशी परत विषय काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

*

बायपास ठरलं. मांडीतली शीर काढून बंद रक्तवाहिनीच्या दोन्ही बाजूंना जोडायची. मोठे सर समोर उभे राहणार आणि टाके समीर सर घालणार, असं ठरलं. त्यांच्या शिक्षणातलं स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं बायपास. आदल्या दिवशी ते बाबांना सगळं समजावून सांगायला आले. घाम त्यांनाच फुटला होता.

बाबा म्हणाले, "सर, जय भीम. तुम्ही मिलिंदच्या डब्याला गाठी मारता ते मला ठाव हाय. सुटल्या न्हाईत त्या. करा बिनधास्त!"

ऑपरेशन चांगलं झालं. पाऊल गरम झालं. समीर सर रोज सकाळी राउंडला आले की आधी चादर उचलायचे, डाव्या पावलावर दोन बोटं ठेवायचे, हलकी, अजिबात न दाबता, आणि मग "काका, झोप लागली का?" विचारायचे. पाच दिवस हे चाललं. बाबा वॉर्डातल्या सगळ्यांना सांगायचे, "पुण्याचं रक्त सोडलंय पायात!"

सहाव्या सकाळी सरांची बोटं उचललीच जाईनात. ते जागा बदलून बघत राहिले. मग रक्त वाहतंय का ते ऐकायचं मशीन लावलं. मशीनमधून एरवी वाऱ्यासारखा आवाज येतो. तो आला नाही.

परत उघडलं, गुठळी काढली. दोन दिवसांनी पुन्हा बंद. मोठे सर मला म्हणाले, तीन हफ्ते पहले आते तो. वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. पाय गुडघ्याखालून काढला. संमतीच्या कागदावर बाबांनी स्वतः सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

*

त्यानंतरची पहिली राउंड. मी पलंगाशी उभा होतो. समीर सर आले, रात्रभर झोपले नसावेत. सवयीनं चादर उचलली आणि सवयीनंच हात डाव्या बाजूला खाली गेला. तिथं गादी होती. हात तसाच राहिला. त्यांना तो मागेही घेता येईना. सिस्टर खिडकीकडे बघायला लागल्या. मी खाली.

बाबांनी उजवा पाय चादरीतून बाहेर काढला. सर पुढं वाकले तसे बाबा म्हणाले, "थांबा सर, तुम्ही नगं." आणि पाय माझ्याकडे सरकवला. "आधी ह्याला बघू द्या."

मी हलेना. बाबा नुसता पाय तसाच पुढं धरून राहिले. शेवटी मी वाकलो आणि पावलावर दोन बोटं ठेवली.

बराच वेळ झाला. समीर सरांनी हळूच विचारलं, "लागतेय का रे?"

बाबा म्हणाले, "घाई नका करू, सर. पोरगा मोजतोय."