आडवा शहाणा, उभा वेडा

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. माणसांचा नव्हे, कॉम्प्युटरचा. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. बिघडलेल्या यंत्रांच्या पोटात डोकं घालून घालून ती त्याच्या बोटांत उतरली होती. त्याचा एक नेम होता. आलेल्या कॉम्प्युटरचा डबा आधी टेबलावर आडवा निजवायचा, मगच झाकण काढायचं. "पेशंट उभ्याउभ्या तपासायचा नसतो," असं तो छाती फुगवून सांगे.

पण कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशीच्या डब्याने त्याला घाम फोडला. डॉक्टरने आतली धूळ काढून दिल्यापासून तो लहरी झाला होता. मावशीच्या घरी बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेई आणि गप्प. कधी मनात आलं तर चालूही होई. डॉक्टरच्या टेबलावर मात्र पहिल्या हाकेला ओ देई. डॉक्टरने रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलला, मदरबोर्ड वरून भिंगाने बोटबोट न्याहाळला. खोट सापडेना.

"माझ्याकडे तर सरळ चालतो, मावशी."

"मग माझ्या घरात काय भूत आहे?" मावशी कडाडली. "लेकीचं जहाज आज बंदराला लागतंय. संध्याकाळी बोलणार आहे. फोनच्या त्या टीचभर काचेत तिचं नाक दिसतं तर कपाळ दिसत नाही मला. आज पडदा काळा राहिला ना, तर तुझी पाटी मीच उतरवीन!"

डॉक्टरने डबा खांद्यावर घेतला. दारातून बायको म्हणाली, "अहो, स्क्रू सांभाळा. मागच्यासारखा हरवलात तर माझ्या केरसुणीवर आळ घेऊ नका."

मावशीच्या घरी शिवणयंत्र आणि कपाट यांच्या फटीत डबा उभा राहिला. बटण दाबलं. गिरकी, आणि गप्प. डॉक्टरने सवयीने तो जमिनीवर निजवला. चालू! बंद करून परत उभा केला. गप्प. निजवला. चालू!

"आडवा शहाणा, उभा वेडा," डॉक्टर पुटपुटला.

"अगदी तुझ्या काकांसारखा," मावशी म्हणाली. "आडवे झाले की काय गुणी दिसतात!"

डॉक्टरने डबा कानाशी धरून हलवला. आत बारीकसं काहीतरी खुळखुळलं. त्याने अख्खा मदरबोर्डच सोडवून वर उचलला. मागच्या पत्र्यावर तो हरवलेला स्क्रू पडला होता. डबा आडवा असला की स्क्रू पत्र्यावर निवांत लोळे. उभा केला की घरंगळून बोर्डाच्या पाठीला टेके. वीज भलत्याच वाटेने चालली की बिचारा बोर्ड दार लावून बसे.

त्या संध्याकाळी उभ्या डब्याने एका दमात डोळे उघडले. पडदाभर लेक हसली.

"आई, कपाळ दिसतंय का?"

"दिसतंय गं! पण वाळलीस किती!"

"आणि मागे ते कोण?"

"डॉक्टर. स्वतःच पोटात विसरलेलं काढायला आलाय."

दुकानात परतल्यावर डॉक्टरने मुकाट्याने स्क्रू बायकोच्या तळहातावर ठेवला.

"कुठे होता हो?"

 डॉक्टरने कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि स्वतःच दुकान झाडायला लागला. बायकोने खुर्ची ओढली, ऐटीत बसली आणि म्हणाली, "टेबलाखाली राहिलंय बघा थोडं."