उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ बसमध्ये चढेना

बस हॉर्न मारून मारून घसा बसवून घेत होती. आमचं सगळं सामान टपावर चढलं होतं. आणि उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ आंब्याच्या झाडाखाली मांडी घालून बसला होता. उठायला तयार नाही.

"प्रशांत, नाटक संपलं रे," मी म्हणालो.

"कुठे संपलं? मी अजून बाहेरच उभा आहे."

"तू बसला आहेस."

"तेच ते. बाहेर."

हे केनियातल्या एका खेड्यात. नैरोबीहून तिथे पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस भांडुपहून कोकणात जाऊन, भावकीशी भांडून, फणस घेऊन परत येतो.

मी भांडुपच्या एका मराठी चर्चमध्ये युथ कोऑर्डिनेटर आहे. ही नोकरी आहे हे माझ्या सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. "ते ठीक आहे, पण काम काय करता?" असं ते दर दिवाळीच्या सुट्टीत विचारतात. तर काम असं, की तरुण पोरं जमवायची, शिबिरं घ्यायची, आणि वर्षातून एकदा 'शॉर्ट टर्म मिशन' काढायचं. म्हणजे परदेशातल्या एखाद्या चर्चच्या लोकांकडे थोडे दिवस जाऊन राहायचं, सेवा करायची आणि घरी येऊन स्लाइड शो दाखवायचा. स्लाइड शो सेवेपेक्षा जास्त वेळ चालतो.

सेवा म्हणून आम्ही संडे स्कूलची खोली रंगवली. ती आदल्या वर्षी कोरियन टीमने रंगवली होती, त्याआधी जर्मनांनी. भिंतींवर रंगाचे इतके थर चढले होते की खोली आतून लहान होत चालली होती. दर वर्षी एक बाक बाहेर काढावा लागायचा. सुवार्ता सांगायचीही सोय नव्हती. तिथल्या आज्ज्या बायबलच्या पुस्तकांची नावं उलट्या क्रमाने म्हणत भाजी चिरायच्या. आमची पोरं सरळ क्रमातसुद्धा तिसऱ्या नावाला धापा टाकायची.

उरलं स्किट. स्किट म्हणजे समोरच्याची भाषा येत नसली की करायचं ते छोटं नाटक. निरोपाच्या दिवशी सकाळी आम्ही उधळ्या पुत्राचा दाखला केला. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन सगळी उडवतो आणि डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परततो. बाप धावत जाऊन मिठी मारतो आणि पुष्ट वासरू कापून मेजवानी घालतो. घरी राबणारा थोरला रुसतो. "मला मित्रांबरोबर खायला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत," म्हणतो आणि आत यायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो.

बाप मी होतो, कापसाची दाढी लावून. डुकरांची प्रमुख आमची रूथ. तिने भूमिकेसाठी दोन दिवस आंघोळ केली नव्हती, असा तिचाच दावा. थोरला होता प्रशांत भालेराव. काम अगदी छोटं. हाताची घडी घालायची, तोंड पाडायचं, शेवटी बापाचा हात धरून आत यायचं आणि सगळ्यांबरोबर गाणं म्हणायचं.

प्रशांत आमच्या चर्चचे सचिव भालेराव काका यांचा थोरला. काकांचा आवाज असा, की त्यांनी 'आमेन' म्हटलं की सोनापूरच्या सिग्नलला गाड्या थांबतात. माझी नोकरी वर्षाच्या करारावर, आणि करार वाढवायचा की नाही हे काकांच्या हातात. त्यांचा धाकटा डॅनी कॅनडात असतो. काका दर रविवारी उपासनेत उभे राहून त्याच्यासाठी आभार मानतात. "डॅनीने नवीन मायक्रोवेव्ह घेतला, देवाची स्तुती असो!" प्रशांत घरी असतो. काकांच्या बीपीच्या गोळ्या, काकूंचा गुडघा, पाण्याचा टँकर, सगळं तोच बघतो. त्याच्या नावाने आजवर कुणी स्तुती केलेली मला आठवत नाही. निघताना काका एवढंच म्हणाले होते, "सॅम्युएल, पोरगा नेतोस तसा परत आण. नाहीतर तू पण येऊ नकोस."

तर नाटकात मी हात पुढे केला. प्रशांतने तो झटकला.

"नाही येणार!" तो मराठीत ओरडला. "डॅनी आला तर अख्खा हॉल बुक! खुर्च्या कोणी लावल्या? टँकरवाल्याच्या पाया कोण पडतं? मी!" आणि तो तरातरा जाऊन आंब्याखाली बसला.

मराठी गावात एकालाही कळत नव्हती. समजलं सगळ्यांना. गाव उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. गावातले सगळ्यात वडीलधारे गृहस्थ पुढे आले. त्यांना सगळे आदराने 'म्झे' म्हणायचे. ते बोलले आणि तिथल्या पास्टरने मला इंग्रजीत सांगितलं:

"ते म्हणतायत, प्रत्येक टीम हेच नाटक करते. प्रत्येक वेळी थोरला गाणं म्हणत आत जातो. बायबलमध्ये तो आत गेला असं कुठे लिहिलंय?"

मी मोबाइलवर बायबल उघडलं. खरंच नाही! बाप बोलत असतानाच गोष्ट संपते. थोरला बाहेरच.

"आणि आमच्याकडे," पास्टर पुढे म्हणाला, "मुलगा बाहेर बसला असेल तर बाप जेवत नाही. कोणीच जेवत नाही."

बायकांनी निरोपाच्या जेवणाच्या, कोंबडीच्या पातेल्यांवर झाकणं घातली. रूथ किंचाळली, "सॅमदादा, काहीतरी कर ना यार! डुकरं उपाशी आहेत!"

मी काय करणार? गावातले सगळे थोरले मुलगे एकेक करून प्रशांतच्या शेजारी येऊन बसले. कोणी बारा वर्षांचा, कोणी सत्तरीचा. तेवढ्यात हॉर्न बंद झाला. ड्रायव्हर खाली उतरला, शांतपणे झाडाखाली गेला आणि बसला. तोही थोरला निघाला.

आता माझी वाट लागली होती. विमान चुकणार, पोरगा राहणार, करार जाणार.

"बापाला बोलवा," म्झे म्हणाले.

"मीच बाप," मी दाढी दाखवली.

"तुम्ही नाही. खरा."

मी भांडुपला व्हिडिओ कॉल लावला. काका जेवत होते.

"सलाम काका," मी चर्चच्या रीतीने म्हणालो.

"सलाम. बरं झालं फोन केलास. त्या प्रशांतला विचार, माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यात?"

मी हे इंग्रजीत सांगितलं, पास्टरने गावाच्या भाषेत. गर्दीतून असा उसासा निघाला की आंब्याची पानं हलली. म्झेंनी फोन हातात घेतला. त्यांचं इंग्रजी पास्टर करणार, मराठी मी.

"काका, ते विचारतायत, तुम्ही थोरल्याला कधी करडू दिलंत का?"

"काय दिलं?"

"करडू. बकरीचं."

"चौथ्या मजल्यावर? सॅम्युएल, तुला ऊन लागलंय."

"काका, दाखल्यातलं."

"मला दाखला शिकवतोस? मी संडे स्कूलला होतो तेव्हा तू…"

"आणि ते विचारतायत, मुलगा बाहेर असताना तुम्ही जेवताय का?"

"जेवू नको तर काय करू? दीड वाजलाय!"

पास्टरने सांगताच अख्खं गाव "ओऽऽऽ" म्हणालं. सगळे फोनभोवती जमून काकांच्या ताटात बघायला लागले. काकांचा बोंबलाचा घास हवेतच राहिला. मागून काकूंचा हात आला आणि ताट उचलून घेऊन गेला.

"मी कधीची सांगतेय," काकूंचा आवाज आला. "माझं ऐकत नाहीत. आता आफ्रिकेतून फोन आला!"

काकांचा आवाज खाली आला. भांडुपच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं असावं. मग म्हणाले, "दे त्याला."

प्रशांतने फोन घेतला. "गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत."

"मरू देत गोळ्या. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या तू एकट्याने लावल्यास ना? मी बघितलं होतं."

"मग तेव्हाच बोलायचं ना पप्पा."

"नाही जमलं रे." काकांनी घसा खाकरला. "ये घरी. तू आल्याशिवाय ही मला वाढणार नाहीये."

"आणि करडू?"

"आणतो रे बाबा, आणतो!"

म्झेंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. प्रशांत उठला, सगळे थोरले उठले, पातेली उघडली. त्यानंतर ड्रायव्हरने बस अशी हाणली, की वाटेत आम्ही आमच्याच धुरळ्याला दोनदा ओव्हरटेक केलं. विमान मिळालं.

शब्द परदेशी माणसांसमोर दिलेला. काका खरोखर देवनारच्या बकरी बाजारातून जिवंत करडू घेऊन आले आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधलं. सोसायटीने नोटीस लावली, ती करडाने खाल्ली. प्रशांतचे मित्र मेजवानीला जमले. पण करडाशी खेळून झाल्यावर कोणाचीच सुरी चालेना. शेवटी चिकन बिर्याणी मागवली.

पुढच्या रविवारी काका उपासनेत उभे राहिले. "प्रशांतने टँकर वेळेवर आणला, देवाची स्तुती असो!" उपासना ऑनलाइन दाखवतात. ती संपायच्या आत मला कॅनडाहून फोन आला. डॅनी.

"सॅमदादा, खरं सांग. करडू आणलं म्हणे? मला कधी आणलं का यांनी?"

माझा करार वाढला. आता परदेशी टीम नेणारे नवखे कोऑर्डिनेटर माझ्याकडे सल्ल्याला येतात. मी लसीकरण, व्हिसा वगैरे सांगत नाही, ते एजंट बघतो. मी एवढंच सांगतो, की स्किटमधलं गप्प उभं राहायचं काम घरातल्या थोरल्याला देऊ नका. त्याची तालीम आधीच फार झालेली असते.