मैत्रेयीचा कान

अंबरनाथ पूर्वेत हरिचंद्र सरांविषयी वाकडा शब्द काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. चौदा एप्रिलला जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले, की मे संपेपर्यंत बदलापूर, सोनिवली, शहाड, जिथून बोलावणं येईल तिथे त्यांची गायन पार्टी हजर. सर गायचे, गिटार वाजवायचे आणि मधूनमधून माइकवर आपल्याच तपश्चर्येबद्दल दोन शब्द बोलायचे. शिष्य भरपूर. त्यातली सगळ्यात लाडकी मैत्रेयी.

लाडकी म्हणजे काय, तर कामाची. कार्यक्रमाआधी पार्टीतल्या सगळ्या गिटारी तिच्यापुढे यायच्या आणि ती त्या सुरात लावून द्यायची, असा रिवाजच पडला होता. सरांचीसुद्धा. एवढ्या मोठ्या माणसाने स्वतः तारा पिळत बसायचं म्हणजे कमीपणाच, असं सगळे धरून चालले होते. मैत्रेयी दिवसभर औषधाच्या कंपनीत पॅकिंगला उभी असायची आणि तिथून थेट मंडपात यायची. पण मांडीवर गिटार घेतली, की पोरीचा शीण पळायचा.

तिची स्वतःची गिटार अगदी हलकी, उल्हासनगरच्या बाजारात दोरीला टांगून विकतात त्यातली. वडील धोंडिबा तिथेच फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे, त्यांनीच आणली होती. तारा इतक्या उंच, की बोटं सोलून निघायची. मग धोंडिबांनी तारा टेकतात ती घोडी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत बसून घासून घासून खाली आणली. आतली सुटलेली पट्टी चिकटवली. वरचं जाड चकचकीत रोगण खरवडून पातळ हात मारला. तेव्हापासून ती अशी गोड बोलायला लागली, की शेजारच्या गोजरबाई भाकरी थापता थापता थांबायच्या.

सरांच्या मात्र ती डोळ्यांत खुपायची. "डबा आहे हा, मैत्रेयी. प्लायवूड. किती दिवस यावर हात वाया घालवणार? चांगली घे, मग तुला पुढे बसवतो." पुढे बसणं हेच तर तिला हवं होतं. मागच्या रांगेत नुसती साथ करून ती कंटाळली होती.

एका रविवारी सर तिला घेऊन उल्हासनगरला गेले. वाद्यांच्या दुकानातल्या सेठने परदेशी गिटार काढली. लाकूड अस्सल, तारा बोटाखाली अलगद दबणाऱ्या. मैत्रेयीने ती वाजवली, मग आपली वाजवली, मग पुन्हा ती. खर्ज भरदार होता, आवाज मोठा होता, हे तिने कबूल केलं. "पण सर, खरं सांगू? वरच्या तारांना माझीच गोड आहे."

सेठ खो खो हसला. "अरे बेटी, वो तो पेटी है. उसमें चावल भरो."

सरही हसले. "तुझा कान अजून कच्चा आहे. आवाजातलं खानदान कळायला वेळ लागतो."

मैत्रेयी ओशाळली. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार. तिने हप्त्यावर परदेशी गिटार घेतली. जुनी सरांनी उचलली, नव्या पोरांना शिकायला होईल म्हणाले. घरी तिने सांगितलं तेव्हा धोंडिबा एवढंच बोलले, "बरं केलंस. हलकीच होती ती. मला काय कळतंय त्यातलं?" त्यानंतर ते तिचं वाजवणं ऐकायला दारात येऊन बसेनासे झाले. आणि पुढच्या रांगेचं काय? तर सर म्हणाले, नव्या गिटारीवर आधी हात बसू दे.

पुढच्या जयंतीला बदलापुरात कार्यक्रम होता. मंचामागे सरांनी तिच्या मांडीवर आपली नवी गिटार ठेवली. मैत्रेयीने खोळ काढली. गिटारीच्या माथ्यावर कुठल्याशा परदेशी कंपनीचं स्टिकर होतं. पण तिचा हात घोडीवर गेला आणि तिथेच थांबला. पप्पांच्या हातचा तो उतार तिला डोळे मिटूनही कळला असता.

"सर, ही माझी गिटार आहे."

"हो, तुझीच ना," सर शाल सारखी करत म्हणाले. जराही चपापले नाहीत.

"तुम्ही तर डबा म्हणाला होतात."

"अगं, दुकानात तूच म्हणालीस ना, वरच्या तारांना गोड आहे म्हणून? तुझा कान कधी चुकतो का?" त्यांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर टपली मारली. "चल, लाव पटकन. नाव पुकारतील आता."

मैत्रेयीने खुंटीला हात घातला. गिटार ढापली, हे तिने एक वेळ गिळलं असतं. पण ज्या कानाला कच्चा म्हणून भर दुकानात हसला, त्याच कानाच्या भरवशावर हा माणूस माल निवडत होता! आणि तिने मात्र स्वतःच्या कानावरचा विश्वास याच्या पायाशी ठेवला होता.

तिने गिटार लावली, पण एक तार मुद्दाम उतरलेली ठेवली. आता सर पहिल्या झंकारालाच थांबतील, वळून आपल्याकडे रागाने बघतील, असं तिला वाटलं. खरं तर त्यांनी थांबावं असंच तिला वाटत होतं. निदान आपण मानला तेवढा तरी हा माणूस मोठा निघावा.

सर थांबले नाहीत. डोळे मिटून, मान डोलावत त्यांनी अख्खं गाणं वाजवलं. ढोलकीवाला तेवढा तोंड वाकडं करून इकडे तिकडे बघत होता. टाळ्या पडल्या. सर माइकवर म्हणाले, "वाद्य महाग असून भागत नाही, मंडळी. कान लागतो, कान!" पुन्हा टाळ्या.

मैत्रेयीला रडू फुटलं. या माणसाला काही ऐकूच येत नव्हतं. आणि याला विचारून विचारून ती आपला सूर खरा की खोटा ते ठरवत आली होती. याच्या शब्दाखातर तिने पप्पांना त्यांच्याच कामाची लाज वाटायला लावली होती.

डोळे पुसून ती मंचावर चढली आणि हात पुढे केला. लावून द्यायला आली असेल, असं समजून सरांनी सवयीने गिटार तिच्या हाती दिली. ती तिथेच, सगळ्यात पुढे, माइकसमोर बसली. उतरलेली तार तिने हळूहळू चढवत नेली. सूर जुळला तसा पुढच्या बायकांमधून "हां, आत्ता!" असा आवाज आला. मैत्रेयी गिटार घेऊन उठली.

"अगं, पुढचं गाणं व्हायचंय," सर म्हणाले.

"ही माझ्या पप्पांच्या हातची आहे, सर," ती म्हणाली. माइक चालूच होता. "आणि गोड आहे. मला तेव्हाही कळत होतं."