बाबांनी न म्हटलेलं वाक्य

पांढुर्ण्याच्या आमच्या दोन खोल्यांत दोन धर्म राहत होते. बाबा बौद्ध. नगरपालिकेत नळाला पाणी सोडायचं काम करायचे. आई ख्रिस्ती झाली ती मी कॉलेजात असताना. नागपूरला तिचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा तिथली एक नर्स रोज तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. आई बरी होऊन आली ती विश्वास घेऊनच. नातेवाइकांनी बोल लावले. बाबा एवढंच म्हणाले, "तिले बरं वाटून राहिलं ना, मंग झालं."

प्रार्थनाघर सौंसरला होतं. आईला एकटीनं बसचा प्रवास झेपत नव्हता, म्हणून रविवारी बाबा सोबत जायचे. आत मात्र कधी गेले नाहीत. स्टँडवर चहा घेत बसायचे.

एरवी त्यांची सकाळ जाम नदीपलीकडे, सावरगावात जायची. तिथला एक म्हातारा हमाल अंगावरून वारं गेल्यानं खाटेला खिळला होता. मुलं सुरतेला गेली ती परत फिरकलीच नाहीत. बाबा त्याची घाण काढायचे, अंग पुसायचे, कूस बदलून द्यायचे, वरणात भाकर कुस्करून भरवायचे. म्हातारा वर शिव्या द्यायचा. तो आमचा कोणी लागत नव्हता. मी एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, "माणूस पडून हाये. उचला लागते."

हे सगळं पाहून, असा माणूस स्वर्गाला मुकणार म्हणून, आईचा जीव जास्तच तुटायचा. जेवायला वाढता वाढता ती विनवायची, "एकदा म्हणा ना, प्रभू माहा तारणारा हाये. बाकी काही नाई लागत."

"माह्या मनात नाई ते तोंडानं कसं म्हणू?" बाबा म्हणायचे. "तुह्या देवाले खोटं चालते काय?"

आई त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढायची.

बाबा गेले तेही रविवारीच. प्रार्थनाघरात गाणं सुरू असताना चहावाला आईला बोलवायला आला. बाबा बाकावरून खाली कोसळले होते. ती स्टँडवर पोचली तोवर सगळं संपलं होतं.

अंत्यविधी बौद्ध रीतीनं झाला, दहन केलं. आई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. मला वाटलं, धक्का बसलाय. ती घाबरलेली होती हे मला सौंसरचे पास्टर भेटायला आले तेव्हा कळलं.

"पास्टरजी, ते कुठं असतील आता?" तिनं विचारलं.

पास्टर तरुण होते, मनानं भले. म्हणाले, "ताई, कर्मानं तारण मिळत नाही. ते विश्वासानं मिळणारं दान आहे. मी तुम्हाला दुसरं काही सांगितलं तर ते बायबलच्या वचनाला सोडून होईल."

"कर्माशिवाय विश्वास मेलेला, असं तुम्हीच शिकवलं."

"हो. खऱ्या विश्वासातून कर्म निघतंच."

"अन् विश्वास नसून कर्म निघालं तर?"

पास्टरांनी बायबल पिशवीत ठेवलं. उठताना हळूच म्हणाले, "शेवटच्या श्वासाला ते मनात काय बोलले, आपल्याला काय माहीत? देव दयाळू आहे."

"मले माहीत हाये," आई म्हणाली. "तो माणूस खोटं बोलणारा नोयता."

दुसऱ्या दिवसापासून ती सावरगावला जाऊ लागली. दम लागला की पुलावर थांबायची. म्हाताऱ्याला भरवायची, त्याचे कपडे धुवायची. प्रार्थनाघरातल्या बाया म्हणाल्या, हे विश्वासाचं फळ. आई त्यांना म्हणाली, "विश्वासानं नाई करून राहिली. त्यायचं काम हाये, म्हणून करून राहिली."

मी तिला समजावू पाहिलं. म्हटलं, "आई, मेल्यावर काहीच नसते. बाबा कुठंच नाहीत." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मी पुन्हा तसं बोलले नाही.

"मले विश्वास सोडता आला असता तर मी सुटली असती," ती म्हणाली. "पण तो सुटत नाई. प्रभू खरा हाये, हे मले माहीत हाये. अन् तो खरा हाये म्हणूनच तुह्ये बाबा तिथं नाईत. मंग मी तिथं जाऊन काय करू?"

म्हातारा उन्हाळ्यात वारला. सुरतेहून कोणी आलं नाही. त्यानंतर आईला सकाळी उठायला कारण उरलं नाही. मी चहा नेऊन देते, तो तिच्या हातात निवतो. प्रार्थना ती अजून करते. तिच्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, म्हणून बाबांचं नाव घेत नाही.

परवा मी भीत भीत विचारलं, "आई, तुझं झाल्यावर कसं करायचं? पुरायचं की बाबांसारखं?"

"तू ठरव," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून पडून राहिली.

मला अजून ठरवता आलेलं नाही.